छापखान्यातला काळा पडदा

सोमवार, ३ मार्च

चकाचकने कॉम्प्युटरची वाट लावली!

सकाळी साडेनऊला छापखाना उघडला, बटण दाबलं, आणि पडदा काळाठिक्कर. वर इंग्रजीत एक ओळ — 'एरर: नो सच पार्टिशन'. म्हणजे असा कप्पाच नाही म्हणे! खाली 'ग्रब रेस्क्यू', म्हणजे काय देव जाणे, आणि शेजारी लुकलुकणारी एक रेघ. रोज येतो तो मेनू नाही. बंद करून पुन्हा चालू केला. तेच. पुन्हा. तेच. सात वेळा तेच.

आमच्या छापखान्यात एकच कॉम्प्युटर, पण त्याच्या पोटात तीन सिस्टीम. एक जुनी — ब्रेल छापायचं यंत्र फक्त तिचंच ऐकतं. एक नवी — शाळेची पत्रं, ईमेल. आणि तिसरी लिनक्स — तिच्यात मी टाइप केलेला मजकूर ब्रेलच्या टिंबांत बदलतो. सुरू करताना मेनू येतो, त्यातून हवी ती निवडायची. आज मेनूच नाही, म्हणजे तिन्ही गेल्या. म्हणजे छापखाना गेला.

शनिवारी मी घरी गेल्यावर देखभालीचं कंत्राट घेतलेला माणूस येऊन गेला. टेबलावर चिठ्ठी — 'नवी सिस्टीम अपडेट केली. चकाचक.' त्याला प्रत्येक गोष्ट चकाचकच दिसते. म्हणून मी त्याचं नावच ते ठेवलंय.

आणि सतरा तारखेला नववीची वार्षिक परीक्षा. अकरा मुलं. अकराही मुलांना दिसत नाही. नऊ विषयांचे पेपर, सगळे त्या डबड्याच्या आत!

फोन केला. "येतो मॅडम, उद्या बघू." उद्या!

मंगळवार, ४ मार्च

चकाचक आला. साडेबाराला. काळ्या पडद्याकडे दोन मिनिटं बघितलं, च्युइंगम चघळत. मग म्हणतो, "मॅडम, फॉरमॅट मारू. दोन तासांत चकाचक."

मी विचारलं, "आतलं सगळं पुसलं जाईल ना?"

"ते जाणारच."

"त्यात मुलांचे पेपर आहेत."

"बॅकअप असेल की."

शेवटचा बॅकअप १० फेब्रुवारीचा आहे. दर सोमवारी घ्यायचा असतो. घेतला नाही. कामं होती! मान्य, चूक माझी. पण म्हणून याने पुसून टाकायचं?

"आणि तीन-तीन सिस्टीम हव्यात कशाला?" हे वर. "एक ठेवा, सुटसुटीत. कुणी केला हा उपद्व्याप?"

उपद्व्याप! चौदा वर्षं चालला हा उपद्व्याप. त्यातून किती मुलांची पुस्तकं निघाली ते याला काय माहीत. मी समजावलं, की ब्रेलचं यंत्र जुन्या सिस्टीमशिवाय हलत नाही. तो म्हणाला, "मग यंत्र बदला."

मी चहा सांगायला दारापर्यंत गेले. वळून बघते तर हा पठ्ठ्या खिशातून पेन ड्राइव्ह काढून खोचतोय! तळपायाची आग मस्तकात गेली. गेले आणि भिंतीतला प्लग उपटला. कॉम्प्युटरच्या मागची वायरही काढली. गुंडाळली. पर्समध्ये टाकली.

"मॅडम, हे काय?"

"वायर."

"मी काम कसं करणार?"

"करू नका!"

घरी ह्यांनी पर्समध्ये चष्मा शोधताना ती बाहेर काढली. "हे काय नवीन? जेवणाचा डबा विसरतेस आणि वायर आणतेस?" मला हसू आलं नाही.

बुधवार, ५ मार्च

वायर पर्समध्येच आहे.

गुरुवार, ६ मार्च

मोठ्या बाईंनी बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या टेबलावर चकाचकची लेखी तक्रार. 'छापखाना प्रमुखांनी देखभालीत अडथळा आणला.' टाइप केलेली! याचा कॉम्प्युटर बरा चालू होता.

"तुम्ही वायर घरी नेलीत?" बाईंनी विचारलं.

"हो."

"शाळेची मालमत्ता आहे ती."

"पेपरपण शाळेचेच आहेत."

मग मी विचारलं, शिक्षकांनी हाताने लिहून दिलेले मूळ कागद कुठे आहेत? निदान ते पुन्हा टाइप तरी करता येतील. बाई म्हणाल्या, "तुम्ही टाइप करून झालं म्हटल्यावर मी फाडून टाकले. गोपनीयता!" कडी लावून, स्वतःच्या हाताने फाडले म्हणे. मोठ्या अभिमानाने सांगितलं. नऊपैकी सहा पेपर दहा फेब्रुवारीनंतरचे. म्हणजे ते सहा जगात फक्त त्या काळ्या पडद्यामागे आहेत.

"एवढं काय त्यात?" बाई म्हणाल्या. "शिक्षक पुन्हा काढतील पेपर. आणि ब्रेल नाही झालं तर वाचून दाखवू की मुलांना!"

वाचून दाखवू! भूमितीची आकृती वाचून दाखवणार? नकाशा वाचून दाखवणार? डोळस मुलांच्या हातातून पेपर काढून घ्या आणि म्हणा, ऐका आता — बघू त्यांचे आईबाप काय म्हणतात.

ही बातमी वर्गात पोचलीच. मधल्या सुट्टीत नववीतली एक मुलगी छापखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. तिला गणितात पैकीच्या पैकी पडतात. "बाई, वाचून दाखवणार आहेत का? नको. मागच्या वेळी वाचणाऱ्या बाई बरोबर पर्यायावर आल्या की आवाज मोठा करायच्या. मग माझे मार्क माझे राहत नाहीत."

तिला म्हटलं, ब्रेलमध्येच मिळेल. का म्हटलं? कशाच्या जोरावर?

शुक्रवार, ७ मार्च

हे म्हणाले, "त्यांना फोन का करत नाहीस? गणिताच्या सरांना?"

मी ताट सरकवून उठले.

रविवार, ९ मार्च

राग जात नाही. लिहूनच टाकते.

सर म्हणजे ज्यांनी त्या कॉम्प्युटरमध्ये तिन्ही सिस्टीम बसवल्या ते. गणित शिकवायचे आणि छापखान्याचं कॉम्प्युटरचं सगळं बघायचे. बघायचे म्हणजे — त्यांना दिसत नाही, जन्मापासून. पण आम्ही सगळे 'बघायचे'च म्हणतो, तेही म्हणतात. मी त्यांच्या हाताखाली तपासनीस, छापलेलं ब्रेल डोळ्यांनी वाचून चुका काढायचे. चौदा वर्षं एका खोलीत काम केलं.

गेल्या वर्षी जुने प्रमुख निवृत्त झाले. जागा सरांची होती. सगळे धरूनच चालले होते. शाळेच्या समितीच्या बैठकीत मला बोलावलं आणि विचारलं, "हे एकटे छापखाना चालवू शकतील का?" मी म्हटलं, "यंत्रात कागद अडकला, शाई-कागदाचा माल तपासायचा झाला, तर शेवटी डोळस माणूसच लागतो."

एवढंच. खोटं काय होतं त्यात? कागद अडकतो, हे खरंच आहे. मात्र ब्रेलला शाई लागतच नाही, हे समितीतल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. आणि अडकलेला कागद सर माझ्याआधी काढायचे, आवाजावरून. हे मी सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही. ती जागा मलाही हवी होती. झालं लिहून!

जागा मला मिळाली. तीन आठवड्यांनी सरांनी राजीनामा दिला. कारण — 'घरगुती'. जाताना सगळ्यांना नमस्कार करून गेले, मलाही. पण कॉम्प्युटरचं कुठे काय आहे, काय बिघडलं तर काय करायचं — एक कागद लिहून ठेवला नाही! मग राग येणार नाही तर काय? माझ्या जागेवर दुसरं कुणी असतं तरी हेच झालं असतं. सोडून गेले आणि वर सभ्य म्हणून मिरवायला मोकळे.

दुपारी वायर घेऊन शाळेत गेले. रखवालदाराने दार उघडलं, "आज रविवारी, बाई?" फोनवर एक व्हिडिओ लावला. बोलणारा माणूस असा सुसाट, जसं कुत्रं मागे लागलंय. त्या काळ्या पडद्यावर मी इंग्रजीत 'हेल्प' टाइप केलं. उत्तर आलं — 'अननोन कमांड'. मदत मागितली तर म्हणतो, अशी आज्ञा मला माहीत नाही!

कीबोर्डवर मूठ आपटली. एक बटण निघालं. ते पुन्हा बसवण्यात अर्धा तास गेला.

सोमवार, १० मार्च

मोठ्या बाईंनी मुदत दिली. बुधवारी दुपारपर्यंत कॉम्प्युटर सुरू नाही झाला तर चकाचक फॉरमॅट करणार आणि मुलांना पेपर वाचून दाखवणार. वाचणाऱ्या तीन बायकांची नावंसुद्धा ठरली!

रागारागात कपाट आवरायला घेतलं. रागात मी आवरते, सगळ्या घराला माहीत आहे. खालच्या फळीवर कोऱ्या जाड कागदांच्या गठ्ठ्याखाली सहा पानं टाचलेली. टिंबांची. मी वर्षभर त्यावर गठ्ठे रचत होते, वाया गेलेली छपाई समजून.

वाचली. 'छापखाना — संगणकाविषयी सूचना.' तिन्ही सिस्टीम कशासाठी, बॅकअप कधी घ्यायचा, यंत्राचा आवाज बदलला तर काय समजायचं, सगळं. राजीनाम्याच्या आदल्या दिवसाची तारीख. काळ्या पडद्याबद्दल मात्र काही नाही. सहाव्या पानावर शेवटची ओळ — 'यात नसलेलं काही अडलं तर फोन करावा.' खाली नंबर.

लिहून ठेवलं होतं त्यांनी. काल मी या वहीत काय काय लिहिलं! ते पान फाडणार नाही. राहू दे.

पण डोळ्यांनी दिसतं अशा बाईसाठी ब्रेलमध्ये कशाला लिहायचं? — हे मनात आलं आणि स्वतःचाच संताप आला. ब्रेलच्या छापखान्याची प्रमुख मी! आणि कशात लिहायचं त्यांनी?

मंगळवार, ११ मार्च

केला फोन. सकाळी दहाला, छापखान्याचं दार आतून लावून.

पहिल्याच रिंगला उचलला. "बोला बाई." आवाज ओळखायलाही वेळ लागला नाही, मी नुसतं "हॅलो" म्हटलं होतं. "छापखाना कसा आहे?"

"बंद आहे," म्हटलं. आणि मग सगळं एका दमात. चकाचक, फॉरमॅट, वाचणाऱ्या तीन बायका, वायर. वायरीला ते हसले. मला त्या हसण्याचाही राग आला.

"पडद्यावर काय आहे ते वाचा. अर्थ सांगू नका, अक्षरं सांगा."

वाचली. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाले, "घाबरू नका. बहुतेक काही गेलेलं नाही. 'एल' आणि 'एस' टाइप करा, एंटर मारा."

कंसांतली एक रांग आली. डिस्कच्या कप्प्यांचे नंबर. मी वाचत गेले, एक, दोन, तीन... सातपर्यंत.

"सात? सहा होते."

"सात आहेत."

"मग तेच. नव्या सिस्टीमने अपडेट होताना मध्येच स्वतःसाठी एक कप्पा काढला. पुढच्यांचे नंबर एकेकाने सरकले. मेनू ज्या कप्प्यात आहे तो पूर्वी पाचवा होता. कॉम्प्युटर अजून पाचव्याचं दार वाजवतोय. तिथे कुणी नाही, म्हणून हात वर करतोय."

एवढंच! आठ दिवस छापखाना बंद, आणि कारण एवढंच! आणि तो चकाचक पुसून टाकायला निघाला होता!

"सहावा उघडून बघा." कसं ते एकेक अक्षर सांगितलं. एंटर मारला. फोल्डरांची नावं आली. त्यात 'होम' दिसलं. ते म्हणाले, "आता त्याच्या आत." तिथे 'छापखाना' नावाचं फोल्डर, आणि त्यात 'नववी'.

"आहेत," मी म्हटलं.

"असणारच. कुठे जातील?"

मग कॉम्प्युटरला मेनूच्या कप्प्याचा नवा नंबर सांगायचा होता. लांबलचक ओळ. मी एकेक अक्षर टाइप करत होते. मध्येच ते म्हणाले, "थांबा. बरोबरच्या चिन्हानंतर स्पेस दाबलीत. ती नको."

"तुम्हाला कसं कळलं?"

"स्पेसचं बटण वेगळं वाजतं. त्या कीबोर्डचं तर फारच."

पुसली. पुन्हा लिहिलं. पुढची ओळ. त्याच्या पुढची. शेवटी 'नॉर्मल' असा एकच शब्द. एंटर.

पिप, पिप, पिप.

"आला!" सर ओरडले. मी तोंड उघडायच्या आत. आणि पडद्यावर खरंच मेनू. तिन्ही सिस्टीम, एकाखाली एक.

हे तीन पिप रोज वाजायचे. मी एकदा त्यांना म्हटलंही होतं, बंद करा ती कटकट. ते म्हणाले होते, राहू द्या की. आज विचारलं, ते कशाला होते हो?

"मेनूवर बोलणारा आवाज नसतो ना, बाई. तो आत शिरल्यावर सुरू होतो. पिप वाजले की समजायचं, मेनू आला. मग खालचा बाण किती वेळा दाबायचा ते मोजायचं."

चौदा वर्षं! आणि त्याच खोलीत बसून मला कळलं नाही. मी विचारलंच नाही कधी.

मग त्यांनी लिनक्समध्ये शिरून आणखी एक आज्ञा द्यायला लावली, म्हणजे उद्या पुन्हा काळा पडदा नको. बंद करून पुन्हा चालू करायला लावला. पिप, पिप, पिप. दोन तास चाळीस मिनिटं फोन चालला. शेवटी विचारलं, "बॅकअप कधीचा होता?"

"दहा फेब्रुवारीचा."

तिकडून नुसतं — "बाई!"

मी आभार मानले. ते म्हणाले, "मुलांचं काम आहे." बस्स. बैठकीचं काही बोलले नाहीत. कसे बोलतील? त्यांना माहीतच नाही मी काय म्हटलं होतं. माहीत असतं तर फोन उचलला असता का? आज सांगून टाकायला हवं होतं. 'सर, एक बोलायचं होतं' इथपर्यंत आलेही होते. तेवढ्यात त्यांच्याकडे कुणीतरी बेल वाजवली आणि मी सुटले.

सुटले! काय पण शब्द.

राग चकाचकचा नाही आज. हा माणूस इतका नीट का वागतो, त्याचा आहे. एक खोचक शब्द बोलले असते तर मला केवढं बरं वाटलं असतं.

बुधवार, १२ मार्च

चकाचक दुपारी बारा वाजता पेन ड्राइव्ह घेऊन हजर. मी बटण दाबलं. मेनू आला. त्याने बघितलं. "अरे! आपोआप झालं?"

आपोआप!!

"आपोआप नाही. नंबर सरकले होते. तुमच्या अपडेटने."

"असं होतं कधीकधी," म्हणाला आणि गेला. च्युइंगमसकट.

आणि संध्याकाळी सूचना फलकावर मोठ्या बाईंच्या सहीचा कागद — 'वार्षिक देखभाल समाधानकारकपणे पूर्ण झाली असून छापखान्याचा संगणक सुस्थितीत आहे. संबंधितांचे आभार.' संबंधित कोण? चकाचक! फलकापुढे पाच मिनिटं उभी राहिले. टाचणी काढली, कागद हातात घेतला, बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"संबंधित कोण ते लिहा," म्हटलं. "गणिताच्या सरांनी केलं. फोनवरून. पडदा न बघता."

बाई म्हणाल्या, "ते आता आपल्याकडे नाहीत. नाव कसं घालणार?"

"मग आभारही घालू नका."

कागद पुन्हा लागला नाही. नावही लागलं नाही.

शुक्रवार, १४ मार्च

यंत्र तीन दिवस ठकठकतंय. डोकं दुखतं, पण दुखू दे. नऊ विषय, अकरा प्रती, शिवाय तपासायची एकेक. भूमितीच्या आकृत्या पहिल्या फेरीत पुसट उठल्या, पुन्हा काढल्या. आज कागद अडकला एकदा. डोळे मिटून आवाजावरून काढायचा प्रयत्न केला. जमलं नाही. शेवटी वाकून बघावं लागलं.

सोमवार, १७ मार्च

गणित. अकरा मुलं, बावीस हात कागदावर. कुणी काही वाचून दाखवलं नाही.

बुधवार, १९ मार्च

आज अख्ख्या डिस्कचा बॅकअप घेत होते. सरांच्या जुन्या फोल्डरमध्ये समितीच्या बैठकांचे वृत्तान्त सापडले, ब्रेलमधले. समितीतल्या एका वकिलांना दिसत नाही, म्हणून दर वेळी ब्रेलची प्रत निघते. तेव्हा ती सर काढायचे. गेल्या वर्षीच्या त्या बैठकीचाही आहे; ते वकील त्या दिवशी आलेच नव्हते. तारीख बैठकीच्या दुसऱ्या दिवसाची.

छापून बघितला. चौथ्या पानावर माझं नाव, पुढे माझं वाक्य. शाईसकट. एकही टिंब चुकलेलं नाही.

फोन नाही लावला. चपला घातल्या आहेत. सरांकडे जाते.